अमेरिकन आर्मीच्या रिसर्च युनिटचा इतिहास कसा शोधायचा

पहिली गोष्ट, युनिटच्या नावामागे धावू नका. जागा धरा आणि तिथे काय काम चालायचं ते धरा. आर्मी पाट्या सारख्या बदलते, म्हणून नुसतं नाव टाकून शोधलं की मधेच धागा तुटतो आणि आपल्याला वाटतं युनिट बंद पडलं, पण माणसं आणि मशिनी तिथेच असतात.

उदाहरण घ्या मेरीलँडच्या अॅबरडीनचं. तोफा टेस्ट करायचं हे मैदान 1917 ला सुरू झालं, 1938 ला तिथल्या रिसर्च विभागाला बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी हे नाव मिळालं आणि 1992 ला तीच लॅब आर्मी रिसर्च लॅबोरेटरीत गेली. वहीत एक उभी रेघ मारा, डावीकडे सालं, उजवीकडे त्या त्या वेळचं नाव. एवढं केलंत तरी निम्मा गोंधळ मिटतो.

मग काम बघा, आणि इथे खरंच वेळ द्या. तोफखान्याला फायरिंग टेबल लागायचं, म्हणजे किती अंतरासाठी नळी किती वर उचलायची, वारा असेल तर किती फरक, हवा विरळ असेल तर किती, हे सगळं आकड्यांत. गोळ्याचा एकच मार्ग डेस्क कॅल्क्युलेटरवर काढायला माणसाचे वीसेक तास जायचे आणि एका टेबलला असे हजारो मार्ग, म्हणून 1943 ला पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या मूर स्कूलशी (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं कॉलेज) करार होऊन एनिअॅक हे इलेक्ट्रॉनिक हिशेबाचं मशीन, म्हणजे आजच्या अर्थाने कम्प्युटर, बनलं, जवळपास 18,000 व्हॅक्यूम ट्यूब, वजन साधारण 30 टन, आणि तोच मार्ग अर्ध्या मिनिटात! जगासमोर आलं फेब्रुवारी 1946 मध्ये, म्हणजे ज्या युद्धासाठी बनवलं ते संपल्यावर. 1947 ला ते अॅबरडीनला हलवलं आणि 2 ऑक्टोबर 1955 ला बंद केलं.

त्या काळचे कागद वाचताना एक लक्षात ठेवा, 'कम्प्युटर' म्हणजे तेव्हा माणूस, हिशेब करणारी व्यक्ती, बहुतेक वेळा बाई. हे माहीत नसेल तर पगाराची यादी मशिनींची यादी वाटेल.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी मिसिसिपी राज्यातलं व्हिक्सबर्ग धरा. 1927 च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर 1929 ला तिथे वॉटरवेज एक्सपेरिमेंट स्टेशन निघालं, आज ते इंजिनिअर रिसर्च अँड डेव्हलपमेंट सेंटरचा भाग आहे. आख्ख्या मिसिसिपी खोऱ्याचं मॉडेल त्यांनी जमिनीवर बांधलं, सुरुवातीचं खोदकाम जर्मन युद्धकैद्यांकडून करून घेतलं होतं.

ट्रेनिंगसाठी 1 जुलै 1973 ही तारीख पुरे. जुनी काँटिनेंटल आर्मी कमांड मोडली आणि ट्रेनिंगची कमांड वेगळी झाली, त्यामुळे त्याआधीचे ट्रेनिंगचे कागद जुन्या नावाखाली बघायचे.

मूळ कागद अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये रेकॉर्ड ग्रुपप्रमाणे, म्हणजे खात्यानुसार नंबर देऊन लावलेत, ऑर्डनन्सचा (शस्त्रं-दारूगोळ्याचं खातं) ग्रुप 156, चीफ ऑफ इंजिनिअर्सचा 77. आर्काइव्ह्जला मेल करताना हा नंबर, जागा आणि साल तिन्ही द्या, मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच येतं.

आणि फोटो मिळाले की कॅप्शनवर थांबू नका प्लीज. एनिअॅकच्या फोटोत दिसणाऱ्या बायकांची नावं कितीतरी वर्षं कोणी छापलीच नाहीत, मशीनचं प्रोग्रामिंग त्यांनी केलेलं असून. के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. ही सहा नावं वहीतल्या त्या रेघेवर 1945 च्या समोर लिहा.