घरात उंदीर झालेत? सापळ्याइतकंच भोकांकडेही बघा

एक उंदीर दिसला म्हणजे एकच आहे, असं धरून चालू नका. घरातल्या लहान जातीच्या उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं देते आणि त्या पिल्लांना दीड-दोन महिन्यांत स्वतःची पिल्लं होऊ लागतात. म्हणून दिसल्या दिवशीच कामाला लागा. नुसते सापळे लावून भागत नाही. वाट उघडी राहिली तर पकडलेल्याच्या जागी दुसरा येतो.

आधी लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्यासारख्या, 3 ते 6 मिलिमीटर लांब असतील तर लहान उंदीर. सेंटिमीटरहून मोठ्या असतील तर मोठ्या जातीचा उंदीर, आणि त्याच्यासाठी सापळाही मोठा लागतो. ताजी लेंडी काळी, मऊ आणि चकचकीत असते. जुनी राखाडी पडते आणि काडीने दाबली की तिचा भुगा होतो. सगळ्या लेंड्या एकाच दिवशी साफ करा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे नव्या दिसतील तीच वर्दळीची जागा. खात्री नसेल तर भिंतीलगत टाल्कम पावडरचा पातळ थर पसरून ठेवा, रात्रीतून पावलं उमटतात.

आता भोकं. लहान उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाईल तिथून तोही जातो. मोठ्याला दोन सेंटिमीटर पुष्कळ झाले. सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, एसीच्या नळ्या, केबलचं भोक, मोरीची जाळी, खिडक्यांचे कोपरे हे सगळं टॉर्च घेऊन तपासा. दाराखालच्या फटीसाठी रात्री आतला दिवा लावून बाहेरून बघा. उजेड दिसला तिथे धातूची पट्टी बसवा.

बुजवताना नेहमीची चूक म्हणजे नुसता फोम मारणं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि तो सतत कुरतडतो. फोम, रबर, लाकूड त्याच्यापुढे टिकत नाही. आधी तारेची घासणी भोकात घट्ट कोंबा, मगच वरून सिमेंट किंवा सीलंट भरा. ओलाव्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचीच घासणी घ्या, साधी गंजून भुगा होते. मोठ्या भोकाला 6 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी ठोका.

हे करत असतानाच खाणं उचला. धान्य काचेच्या किंवा धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, प्लास्टिकची पिशवी तो सहज फोडतो. पाळीव प्राण्याची वाटी रात्री रिकामी ठेवा आणि गळता नळ दुरुस्त करा. घरात दुसरं काही मिळालं नाही तरच तो आमिषाला येतो.

सापळ्यांत चापाचा सापळा सर्वांत भरवशाचा. उंदीर भिंत धरून पळतो, म्हणून सापळा भिंतीला काटकोनात ठेवा आणि आमिषाचं टोक भिंतीला जवळजवळ टेकवा. खोलीच्या मधोमध ठेवलेला सापळा तसाच राहतो. लहान उंदरांसाठी दर दोन-तीन मीटरवर एक, असे एकदम सहा-आठ लावा. आमिष मात्र वाटाण्याएवढंच. पीनट बटरचा गोळा मोठा असला की तो कडेकडेने चाटून नेतो आणि खटका हलतसुद्धा नाही. त्याऐवजी थोडंसं आमिष खटक्याच्या खाचेत दाबून भरा, म्हणजे ते ओरबाडून काढावं लागतं आणि चाप बसतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी चार-पाच रात्री चाप न चढवता नुसतं आमिष ठेवा, ते खाल्लं जाऊ लागलं की मग चढवा.

चिकट पट्ट्या लावू नका. जनावर तासन्‌तास जिवंत तडफडतं, आणि धूळ बसली की गोंदही निकामी होतो. अल्ट्रासोनिक यंत्रावर पैसे घालवू नका, उंदीर त्या आवाजाला सरावतात.

विष शेवटचा उपाय. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या खाल्ल्यावर उंदीर बरेच दिवसांनी मरतो, आणि बहुधा भिंतीत किंवा माळ्यावर. मग आठवडाभर किंवा जास्तच दुर्गंधी. तो उंदीर खाल्लेल्या मांजरालाही विषबाधा होऊ शकते. ठेवायचंच असेल तर कुलूपबंद आमिषपेटीतच ठेवा. मुलाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा आणि विषाचं पाकीट सोबत न्या. फॉस्फरसच्या पेस्टला तर उताराच नाही, ती घरात आणूच नका.

लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही नको. धुळीबरोबर जंतू श्वासात जातात. अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा आणि हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण लेंड्यांवर फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदाने टिपून पिशवीत बांधा. मेलेला उंदीर आणि घरट्यातला चिंध्यांचा कचराही असाच भिजवून उचला. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफसफाईचं रसायन मिसळू नका.

उंदीर सापडायचे थांबले तरी सापळे लगेच काढू नका. सलग दोन आठवडे एकही नवी लेंडी दिसली नाही, की मगच उचला.