ऑफिस सोडून घरबांधणीत उतरताय? या चुका टाळा

ऑफिसात मेल गेला की काम मार्गी लागलं, असं आपण धरून चालतो. साइटवर हीच सवय सगळ्यात महाग पडते. मी अकरा वर्षं अकाउंट्समध्ये काढून या धंद्यात आलो. कुणी सल्ला विचारला तर भांडवलाआधी एकच सांगतो: पीएफ काढून थेट कंत्राट घेऊ नका. निदान एक वर्ष दुसऱ्याच्या साइटवर सकाळी साडेआठला उभे राहा. गवंडी ओळंबा कसा धरतो, फिटर (सळई बांधणारा) सळयांभोवतीच्या रिंगा किती अंतरावर बांधतो, बिगारी कशामुळे खोळंबतात, हे तिथेच कळतं.

स्लॅबच्या दिवशी गप्प बसणं

दुपार होते, माल (कालवलेलं काँक्रीट) घट्ट वाटू लागतो आणि कुणीतरी मिक्सरमध्ये पाण्याची जादा बादली ओततं. समोरचा माणूस वीस वर्षं हेच काम करत असतो, म्हणून नवखा बोलत नाही. इथे बोलायलाच हवं. एम २० (काँक्रीटची ताकदीनुसार एक प्रत) काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे पाणी ३० लिटरच्या पुढे जाता कामा नये, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. १० लिटरची एक बादली वाढली की पाणी एक तृतीयांशाने वाढलं. ते पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. काही पावसाळ्यांनी छत पाझरतं, सळई गंजून फुगते, खालचा थर सुटून पडतो. त्या खोलीत कुणाचं तरी लेकरू झोपलेलं असतं. मापाची एकच बादली मिक्सरपाशी ठेवा, बाकीच्या उचलून न्या. माल खेळता हवा असेल तर आरसीसी डिझायनरला (सळई-काँक्रीटचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअरला) विचारून प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल खेळता करणारं रसायन, वापरा. सळईखाली खडीचे तुकडेही सरकवू देऊ नका. स्लॅबला २० आणि बीमला २५ मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे) आधीच मोजून आणा.

सेंट्रिंग लवकर खोलणं

सेंट्रिंग म्हणजे काँक्रीटखालचा साचा आणि टेकू. सेंट्रिंगवाल्याला साच्याच्या प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, त्यामुळे तो घाई करणारच. आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस राहिले पाहिजेत. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४, त्यापुढे २१. हे ओपीसी (साध्या) सिमेंटचे दिवस आहेत; पीपीसी (राखेसारखी भर मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं सिमेंट) वापरत असाल तर डिझायनरशी बोलून वाढवा. पीपीसीला पाणीही किमान १० दिवस द्यायचं, कडक उन्हाळ्यात १४.

'चौरस फुटाला अमुक' एवढ्यावरच हात मिळवणं

जिना, बाल्कनी, छज्जे, पाण्याची टाकी, कंपाउंड यांचं काय, ते लिहून घ्या. माझ्या पहिल्या कामात पायाची खोली लिहिलेलीच नव्हती. चार फुटांवर मुरूम लागेल असं मी धरलं, काळी माती सात फुटांपर्यंत निघाली. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर पाया टेकवता येत नाही. जादा खोदाई, जादा काँक्रीट आणि भराव, सगळं माझ्या खिशातून गेलं. आता चाचणी खड्डा घेतल्याशिवाय मी दर सांगत नाही.

माल न मोजता उतरवणं

इथे अकाउंट्सची सवय खरोखर कामी येते. वाळू-खडी ब्रासने मोजतात; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणा, १०० ने भागा. वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते, हे लक्षात ठेवा. सळईसाठी मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागचे किलो. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो भरते.

कागद मागाहून करू म्हणणं

मंजूर नकाशा आणि जागेची मोजणी हातात आल्याशिवाय खोदाई नको. जोतं (भिंतींखालचा, जमिनीवर उचललेला भाग) झालं की तपासणी करून घ्या, मगच भिंती.

उचल आणि पगार

मुकादमाला मोठी उचल एकदम देऊ नका, आणि मजुरांचा पगार घरमालकाच्या हप्त्यावर अवलंबून ठेवू नका. हप्ता लांबतो, पण बाजाराचा दिवस लांबत नाही. निदान दोन आठवड्यांची मजुरी वेगळ्या खात्यात ठेवा, हजेरी रोज स्वतः मांडा. माझ्याकडची एक टोळी दिवाळीला गावी गेली ती सगळीच्या सगळी परत आली, कारण निघताना प्रत्येकाचा हिशेब चुकता झाला होता.