हेल्थ डेटामधे रिसर्च करायचाय? आधी पीएचसीचं रजिस्टर वाचायला शिका

एमबीबीएस, बीएएमएसची पोरं हल्ली हमखास विचारतात, हेल्थ डेटात करिअर करायचंय तर कोडिंगसाठी पायथन शिकू का आर? कुठलंही एक शिका, दोन-तीन महिने रोज बसलात तर कामापुरतं येतं. पण त्याच्या आधी नाशिकहून पेठ-सुरगाण्याकडची एसटी पकडा, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एमओंची, म्हणजे तिथल्या मेडिकल ऑफिसरची परवानगी घेऊन दिवसभर ओपीडीत बसा आणि नोंद कशी होते ते बघा.

मी असाच एका केंद्रात बसलो होतो, बीपीचा रकाना वाचत गेलो तर १२०/८०, १३०/८०, ११०/७०, परत १२०/८०, पान संपलं तरी शेवटचा आकडा शून्यच, एक १२६ नाही की १३४ नाही. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "सर, बाहेरची लाइन बघा ना, पाऱ्याची बारीक रेघ बघत बसले तर दुपारपर्यंत निम्मेपण होणार नाहीत." बरोबरच होतं त्यांचं. पण हाच आकडा पुढे सरकारी पोर्टलवर चढतो आणि तिथं १४० ला रेघ मारलेली असते, म्हणजे १३८ वाला माणूस १४० लिहिला गेला तर बीपीचा पेशंट, १३० लिहिला गेला तर सुटला.

म्हणून पहिला अभ्यास हाच करा. शेवटच्या आकड्याचा साधा बार चार्ट काढा, एक्सेलमधे होतो. पाऱ्याच्या मशीनवर २-२ च्या खुणा असतात, त्यामुळे ०, २, ४, ६, ८ प्रत्येकी साधारण २० टक्के यायला पाहिजेत, डिजिटल असेल तर ० ते ९ प्रत्येकी १० टक्के. शून्याचा बार उंच दिसला की समजायचं हा डेटा आहे तसा वापरून चालणार नाही.

हे बारीकसारीक वाटेल पण मोठ्यात मोठ्या लोकांचं कामही इथंच अडतं. ज्युलिया हिप्पिस्ली-कॉक्स घ्या, स्वतः जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, नॉटिंगहॅमला आणि नंतर ऑक्सफर्डला प्रोफेसर. जीपींच्या कम्प्युटरमधल्या नोंदी, नावं काढून, एकत्र करणारा क्यूरिसर्च डेटाबेस त्यांनी उभा केला, त्यातून २००७ साली क्यूरिस्क आलं, म्हणजे पुढच्या १० वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचा धोका किती ते सांगणारा स्कोअर. तर पहिल्या वेळी कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी संबंधच दिसेना! जवळपास ७० टक्के लोकांचं कोलेस्टेरॉल नोंदवलेलंच नव्हतं आणि त्या रिकाम्या जागा भरायच्या मॉडेलमधे गडबड होती, वाचणाऱ्यांनी बोट ठेवलं, टीमने दुरुस्त केलं आणि संबंध दिसला. मला या करिअरमधलं हे सगळ्यात मोठं काम वाटतं, चूक उघडपणे सुधारणं. २००८ च्या क्यूरिस्क २ मधे तर भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी लोकांचा धोका वेगवेगळा धरलाय. पण ते ब्रिटनमधे राहणारे भारतीय, तो स्कोअर सुरगाण्याच्या शेतकऱ्याला तसाच लावू नका.

प्रश्न छोटा घ्या. उदाहरणार्थ आशाताई ३० वर्षांवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म भरतात, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायची प्रश्नावली, स्कोअर ४ च्या वर गेला की त्यांना तपासणीला आधी पाठवायचं असतं. त्यातले खरंच किती पोचले? एवढ्यावर एक पेपर होतो, आणि आशाताईंसोबत दोन पाड्यांवर फिरलात की कळतं, तंबाखूचा प्रश्न सासूसमोर विचारला की सून नाहीच म्हणणार.

एथिक्स कमिटीची मंजुरी डेटा घ्यायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. नाव, मोबाइल, आधार उतरवायचं नाही, आणि रजिस्टरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नाही, एचआयव्ही-टीबीवाल्यांचं नाव गावात फुटलं तर परत घेता येत नाही. एमबीबीएस-बीडीएसवाल्यांनी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दोन महिन्यांची एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची रिसर्च स्टुडंटशिप बघा, गाइड तुमच्याच कॉलेजातल्या पीएसएमचा, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचा चालतो. आपलं आरोग्य विद्यापीठ तर नाशिकमधे म्हसरूळलाच आहे, तिथं नुसतं परीक्षेच्या कामाला जाऊ नका.

निकाल आला की ग्राफची प्रिंट घेऊन त्याच केंद्रात परत जा, तिथं रेंज नसते. सिस्टरनी माझा ग्राफ बघून एकच विचारलं, "मग डिजिटल मशीन मिळेल का?" पुढचा अभ्यास तोच, मशीन आल्यावर शून्य कमी झाले का.