दुसरी लेन्स घ्यायला निघण्याआधी

दुकानाचा पत्ता शोधण्याआधी कॅमेऱ्यातले जुने फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कॅमेरा घेऊन तीन महिनेही झाले नसतील तर ही यादी इथेच बंद करा आणि आणखी फोटो काढा. सोबत आलेली १८-५५ किट लेन्स लोक नावं ठेवतात तितकी वाईट नसते. उतरवलेल्यातले आवडलेले शंभरेक फोटो बाजूला काढा. विंडोजमध्ये फोटोची प्रॉपर्टीज उघडली की तो किती मिलिमीटरवर, म्हणजे झूमच्या कुठल्या आकड्यावर काढलाय ते दिसतं. वहीत रेघा मारत मोजा. बहुतेक फोटो १८ वर असतील तर हवी ती वाइड लेन्स, म्हणजे रुंद दृश्य मावणारी; ५५ वर येऊन थांबत असतील तर टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी. आकडे सगळीकडे विखुरलेत, पण दिवेलागणीनंतरचे सगळे फोटो हललेत, असं असेल तर अडचण उजेडाची आहे. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते.

म्हणून सगळे सांगतात, "५० एमएम १.८ घे, स्वस्त आणि मस्त." मीही तेच ऐकून घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात बहिणीच्या मुलीच्या बारशाला घेऊन गेलो. दहा बाय बाराची खोली, मध्ये पाळणा, भोवती बायका. मी मागे सरकत सरकत कपाटाला टेकलो, तरी फ्रेममध्ये पाळणा आणि दोन आत्या एवढंच. नाव ठेवताना कुर्रर्र करणाऱ्या आजीचा नुसता हात आलाय. आपल्या नवशिक्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे कॅननवर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, निकॉन-सोनीवर ७५ सारखी. दहा फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदीचं दृश्य मावतं. एकट्या माणसाचा चेहरा टिपायला ती सुंदर आहे, घरगुती समारंभाला नाही.

माझ्यासारखं होऊ नये म्हणून एक रविवार राखून ठेवा. किट लेन्स ३५ वर फिरवा, झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि दिवसभर तेवढ्यावरच फोटो काढा. पुढच्या रविवारी ५० वर. ज्या दिवशी पट्टी काढून टाकावीशी वाटली नाही, तो आकडा तुमचा. फुकटची परीक्षा आहे, पण हिच्याइतकी खरी दुसरी मला ठाऊक नाही.

मग कॅमेऱ्याचं नेमकं मॉडेल कागदावर लिहा, कारण 'कॅननची लेन्स' एवढं सांगून भागत नाही. कॅननच्या नवशिक्या डीएसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला, ईएफ आणि ईएफ-एस लेन्स चालतात. आरएफ लेन्स मिररलेससाठी, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यासाठी, ती डीएसएलआरला बसतच नाही. उलट जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून मिररलेस आर मालिकेच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. निकॉनवाल्यांनी जास्त जपायला हवं. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसते, म्हणून जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली तरी फोकस हातानेच करत बसावं लागतं. त्यांनी ३५ एमएम १.८ घ्यायची तर एएफ-एस डीएक्स असं पूर्ण नाव सांगून मागावी.

पक्ष्यांसाठी ७०-३०० घ्यायचा विचार असेल तर आधी एक वीकेंड भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात ओळखपत्र आणि डिपॉझिट देऊन मिळते. भिगवणला नावेतून रोहित (फ्लेमिंगो) ३०० वर छान येतात, खंड्याला मात्र तेही तोकडं पडतं. वर्षातून दोनदा बाहेर निघणारी लेन्स विकत कशाला?

निघताना पिशवीत चार्ज केलेला कॅमेरा, रिकामं कार्ड आणि छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च, घ्या. मुंबईत बोरा बाजारात चार दुकानं फिरता येतात, घाई करू नका. स्वतःच्याच कॅमेऱ्यावर लावून पाहा. सपाट भिंतीचा किंवा फरशीचा फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर दुसरा नग मागा. पक्कं बिल घ्या, त्यावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून पाहा. जुनी लेन्स असेल तर मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून आत बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. किंमत कितीही उतरवली तरी डबा परत करा.

कोकण-मुंबईकडच्या पावसात नवी लेन्सही याच वाटेने जाते, म्हणून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल लेन्स घरात येण्याआधीच आणून ठेवा. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची ओल शोषायची ताकद संपली असं समजायचं. तापवले की ते पुन्हा निळे होतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकातली कढई वापरू नका.