रात्री ढग दिसत नाही: इन्स्ट्रुमेंट रेटिंगशिवाय उडताना या चुका टाळा

इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे बाहेर काही दिसत नसताना फक्त कॉकपिटमधली उपकरणं बघून उडण्याची पायलटची अधिकृत पात्रता. दिवसा ढग समोरून येताना दिसतो. अंधारात मात्र आपण त्यात शिरल्यावरच कळतं, आणि तिथून पुढे वेळ फार थोडा असतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, तोही सरासरी १७८ सेकंदांत.

सगळ्यात घातक चूक म्हणजे शरीराला जे वाटतं त्यावर विसंबणं. वळण आपल्याला कळतं ते आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवामुळे. वळण एकसारखं चालू राहिलं की १०-२० सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि विमान सरळ चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात एक पंख कललेला असतो, नाक खाली झुकत असतं, वेग वाढत असतो. उंची घटतेय हे बघून घाबरून योक (विमान चालवायचा दांडा) मागे ओढला, तर गिरकी आणखी आवळते. म्हणून आधी पॉवर कमी करा, मग आर्टिफिशियल होरायझन (क्षितिजाच्या तुलनेत विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) बघून पंख समतल करा आणि त्यानंतरच नाक हळूहळू वर घ्या. हा क्रम चुकवू नका.

‘ढग नाहीत ना, मग झालं’ हाही भ्रमच. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनिअर स्वतः चालवत असलेलं विमान अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं. त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. दिशाभ्रम होऊन ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. धुरकट हवा आणि काळोखी रात्र यांचाही त्यात वाटा होता. खाली काळं पाणी असलं की क्षितिज हरवायला तेवढंही पुरतं.

निघण्यापूर्वी तापमान आणि दवबिंदू यांतला फरक बघा. तो २-३ अंशांवर आला असेल, तर रात्री धुकं धरण्याची शक्यता गृहीत धरा.

‘थोडं पुढे जाऊन बघू’ असं मात्र करू नका. जमिनीवरच्या दिव्यांभोवती वलयं दिसू लागली, लांबचे दिवे एकेक करून नाहीसे झाले किंवा विमानावरच्या स्ट्रोबचा (लखलखणाऱ्या दिव्याचा) उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येऊ लागला, तर तिथूनच मागे फिरा. सेकंदाला ३ अंश या दराने १८० अंशांच्या वळणाला एक मिनिट लागतं. ते मिनिटभर नजर इन्स्ट्रुमेंटवर ठेवा, बाहेर नको.

आणि रेडिओवर संकोच नको. ‘मी व्हीएफआर पायलट (म्हणजे बाहेर बघून उडणारा) आहे, ढगात शिरलोय, मदत हवी’ असं स्पष्ट सांगा. रडारवर दिसत असाल, तर कंट्रोलर मोकळ्या हवेकडे जाणारं हेडिंग (उडायची दिशा) देऊ शकतो. कुणाशीच संपर्क नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोला.