समुद्रातल्या विंड फार्मचं पर्यावरण मॉनिटरिंग कसं लावायचं

मॉनिटरिंगचं नाव काढलं की लोक आधी रडार, ड्रोन, हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक) यांची यादी करायला बसतात, ते सगळं नंतर. आधी प्रश्न ठरवा. "पक्ष्यांवर परिणाम होतो का" असं विचारून हाती काही लागत नाही, अमुक जातीचे पक्षी टर्बाइनपासून किती लांब सरकले असं विचारा, म्हणजे सर्व्हे कुठे, किती वेळा करायचा हे आपोआप ठरत जातं.

मग बेसलाइन, म्हणजे बांधकामाच्या आधीचा डेटा. हा घ्यायचा राहिला तर नंतर कितीही पैसे ओता, मिळत नाही. किमान सलग दोन वर्षं घ्या आणि सगळे ऋतू धरा, जर्मनीत तर दोन वर्षांची बेसलाइन मागतातच, कारण एका वर्षावरून नेहमीचा चढउतार किती ते कळत नाही.

तुलनेसाठी तशीच खोली, तसाच तळ असलेली, पण टर्बाइन नसलेली दुसरी जागा, म्हणजे कंट्रोल, लागते, आणि खरी गोची इथेच होते. उत्तर समुद्रात लाल गळ्याचे डायव्हर पक्षी विंड फार्मपासून दहा किलोमीटरहून जास्त अंतरापर्यंत कमी झालेले दिसलेत, आता तुमची कंट्रोल जागा पाच किलोमीटरवर असेल तर तीही बिघडलेलीच की! म्हणून मी तरी एका कंट्रोलवर विसंबणार नाही, टर्बाइनपासून वाढत्या अंतरावर पट्टे आखून मोजणं बरं.

पाइलिंगच्या, म्हणजे टर्बाइनचे खांब समुद्रतळात ठोकण्याच्या आवाजाचं मोजमाप ते काम चालू असतानाच करायचं, ते नंतर होत नाही. जर्मनीत ७५० मीटरवर प्रत्येक ठोक्याची ध्वनी-ऊर्जा १६० डेसिबलच्या आत ठेवावी लागते, त्यासाठी पाइलभोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात. पॉरपॉइजसाठी (डॉल्फिनसारखा छोटा सागरी प्राणी) तळाशी क्लिक डिटेक्टर, म्हणजे त्यांचे क्लिक-क्लिक आवाज नोंदवणारं यंत्र ठेवा, जास्तीचेही घेऊन ठेवा कारण ट्रॉलरच्या जाळ्यात काही जाणारच. आणि दुसऱ्याचा निष्कर्ष उचलू नका, डेन्मार्कच्या नुस्टेडला पॉरपॉइज कमी झाले आणि फार हळू परतले, नेदरलँड्सच्या एगमंड आन झेला मात्र ते फार्मच्या आत जास्त सापडले.

पक्षी पात्यांना धडकले की पाण्यात पडतात, जमिनीसारखे मेलेले पक्षी मोजता येत नाहीत, म्हणून रडार, थर्मल कॅमेरा आणि कोलिजन मॉडेल (धडका किती होतील याचं गणित) असं जोडून काम चालतं. त्यात अव्हॉइडन्स रेट, म्हणजे किती टक्के पक्षी धडक टाळतात तो आकडा, नीट बघा हं, ९८ टक्क्यांऐवजी ९९ धरला तर धडकांचा अंदाज थेट निम्मा होतो! रिपोर्ट वाचताना मी आधी हाच आकडा शोधतो.

तळाचे नमुने ग्रॅबने (तळाची माती उचलणारा जबडा) काढा, चाळणी दर वेळी तीच ठेवा. टर्बाइनच्या पायावर शिंपले चढतात, मासे गोळा होतात, लगेच जैवविविधता वाढली म्हणून नाचू नका, ते आजूबाजूचेच तिथे जमलेत की खरंच जास्त वाढलेत हे वेगळं तपासावं लागतं. केबलच्या चुंबकीय क्षेत्राचं काम मर्यादित ठेवलं तरी चालेल, पण तिथे शार्क-रे मासे असतील तर ते मर्यादित ठेवू नका.

मधेच पद्धत बदलायची वेळ येतेच, बोटीवरून मोजत होतात आणि आता विमानातून डिजिटल फोटो घ्यायचेत, तर काही काळ दोन्ही सोबत चालवा, नाहीतर आकड्यातला फरक पक्ष्यांमुळे की कॅमेऱ्यामुळे ते कोणालाच सांगता येणार नाही. आणि कुठला आकडा ओलांडला की काय करायचं, टर्बाइन थांबवायचं का पाइलिंग पुढे ढकलायचं, हे परवानगीच्या कागदातच लिहून घ्या, डेटा आल्यावर त्यावर एकमत होणं अवघड.