फ्लॅशशिवाय इनडोअर खेळांचे फोटो: कॅमेरा घेण्याआधी हॉलचा उजेड मोजा

माझी भाची तेरा वर्षांखालच्या गटात पहिल्यांदा स्पर्धेत उतरली, तेव्हा ठाण्यातल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये मी नवाकोरा कॅमेरा घेऊन गेले होते. सोबत बॉक्समध्येच आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५० एमएम (आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). दारातच एका पंचांनी सांगितलं, "ताई, फ्लॅश अजिबात नाही हं." त्यांचं बरोबरच होतं. स्मॅश परतवायला मूल वर बघतंय आणि नेमका तेव्हाच डोळ्यांत झोत गेला, तर शटल दिसणार कसं?

दिवसभरात सव्वाचारशे फोटो काढले. रात्री कळव्याला घरी येऊन लॅपटॉपवर उघडले. रॅकेटच्या जागी राखाडी फराटा, हात कोपरापासून विरघळलेला, पायांचे दोन-दोन ठसे. स्पष्ट आले होते ते फक्त सर्व्हिस करतानाचे, कारण तेव्हा ती स्थिर उभी होती. बहीण शेजारी बसून बघत होती, काही बोलली नाही. प्रत्येक फोटोखाली साधारण तेच आकडे होते: आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ५.६, शटर १/१००, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग उघडं.

या तीन आकड्यांतच सगळं होतं, पण ते वाचायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात मी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बदलायचा विचार करत होते, हप्त्यांची चौकशी करत होते. स्पर्धांना नेहमी भेटणाऱ्या, वर्तमानपत्रासाठी फोटो काढणाऱ्या एका काकांनी मला थांबवलं. "अगं, बॉडी राहू दे. तुझ्या हॉलमध्ये उजेड किती आहे ते आधी सांग." मला सांगता आलं नाही. तुम्ही या क्षेत्रात येणार असाल तर तुम्हालाही मी आधी हेच विचारेन.

उजेड मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. हातात असेल तो कॅमेरा घ्या, मित्राचा मागून आणला तरी चालेल. सरावाच्या वेळी प्रशिक्षकांना विचारून आत जा. मॅन्युअल मोडवर आयएसओ ३२०० आणि एफ ५.६ ठेवा, खेळणाऱ्याचा चेहरा आणि अंग फ्रेममध्ये भरून घ्या आणि मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत शटर फिरवा. जो आकडा येईल तो वहीत लिहा. एकदा नेटजवळ, एकदा बेसलाइनवर, एकदा कोपऱ्यात. कोपऱ्यात उजेड कमी होतो, कधी कधी निम्म्यावर येतो. मागची काळी भिंत किंवा वरचा दिवा फ्रेममध्ये घेऊ नका, मीटर फसतो. मी आजही नव्या हॉलमध्ये गेले की पहिली दहा मिनिटं हेच करते. ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या हॉलची माझी एक छोटी वही झाली आहे.

आता हिशेब. समजा तुमच्या हॉलमध्ये माझ्यासारखं १/१०० आलं. बॅडमिंटनमध्ये उडी मारून स्मॅश मारणारा हात थांबवायचा तर १/१००० च्या आसपास हवं, म्हणजे दहापट उजेड. अ‍ॅपर्चर ५.६ वरून ४ केलं की उजेड दुप्पट होतो, २.८ केलं की चौपट, २ केलं की आठपट. आणि एफ १.८ ला जवळजवळ दहापट. म्हणजे आयएसओ तेवढाच ठेवून, बॉडी तीच ठेवून, नुसती एफ १.८ ची लेन्स लावली की १/१०० चं १/१००० होतं. हे गणित कागदावर मांडलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

मग मी ८५ एमएम एफ १.८ घेतली, वापरलेली. पुढच्या स्पर्धेत तिसऱ्या कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीवर बसले. घरी येऊन एक फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला. मुलीच्या कपाळावर चिकटलेले केस, ग्रिपच्या टोकाशी सुटलेली टेप, दाताखाली धरलेला खालचा ओठ. शटल तेवढं लांबुळकं आलं होतं, आणि ते तसंच येणार. सात्विकसाईराज रंकिरेड्डीच्या ज्या स्मॅशची २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर अशी विक्रमी नोंद झाली, त्या वेगाचं शटल १/१००० सेकंदातसुद्धा पंधरा सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. शटल थांबवायच्या मागे लागू नका. चेहरा आणि हात थांबले की फोटो झाला.

लेन्स किती एमएमची, हे तुम्हाला बसायला कुठे मिळतं त्यावर ठरतं. कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असतं. बहुतेक नवशिक्यांची बॉडी एपीएस-सी, म्हणजे फोटो टिपणाऱ्या जरा लहान सेन्सरची असते. त्यावर ८५ एमएम लावली की दहा मीटरवरचा खेळाडू उभ्या फ्रेममध्ये नखशिखान्त बसतो आणि उडीसाठी वर थोडी जागा उरते. म्हणून मागच्या कोपऱ्यातून नेटपलीकडचा खेळाडू टिपायला ८५ उत्तम. बाजूच्या रेषेजवळ, पाच-सहा मीटरवर बसायला मिळत असेल तर ५० एमएम एफ १.८ पुरते, आणि ती सगळ्यात स्वस्त. पैसे अगदीच कमी असतील तर ५० ने सुरुवात करा आणि जागा बदलत राहा. वरच्या गॅलरीतच बसावं लागणार असेल तर मात्र दोन्ही कमी पडतील.

एफ १.८ ची एक किंमत मोजावी लागते. फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढं अंतर स्पष्ट येतं ते, फार कमी मिळते. ८५ वर, पाच मीटरवर जेमतेम वीतभर, दहा मीटरवर दोन हात. रॅकेट स्पष्ट आणि डोळे धूसर, असे फोटो सुरुवातीला ढिगाने येतील. उजेड परवडत असेल तिथे मी एफ २.२ वर येते. आणि नेटच्या आरपार फोटो काढताना कॅमेरा नेटची जाळीच पकडतो. त्यासाठी सतत फोकस चालू ठेवणारा मोड, एकच मधला फोकस पॉइंट, आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर देणं, एवढं करा. अंगठ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे द्या.

लेन्सवरच्या 'स्टॅबिलायझेशन'वर विसंबून पैसे घालू नका. ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, खेळाडूची धाव नाही. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.

बॉडीकडे आता वळू या. माझ्या मते दोनच गोष्टी बघाव्यात: फोकस वेगाने पकडते का, आणि दिव्यांच्या लुकलुकीवर तिच्याकडे उपाय आहे का. दुसरी गोष्ट मला वाशीतल्या एका हॉलने शिकवली. एकाच स्मॅशचे सलग सहा फोटो, सेटिंग तेच. पहिला नीट, दुसरा पिवळट, तिसरा अर्धा काळसर, चौथा पुन्हा नीट. मला वाटलं कॅमेरा बिघडला. कारण साधं होतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. शटर १/१०० असेल तर एक अख्खं आवर्तन आत मावतं, फोटो सारखे येतात. १/१००० ला मात्र त्याचा दहावा हिस्साच सापडतो, कधी उजळ, कधी मंद.

काही कॅमेरे ही लुकलुक ओळखतात आणि उजेड जास्तीत जास्त असेल त्याच क्षणी शटर उघडतात. सलग फोटोंचा वेग थोडा उतरतो, पण सगळे एकसारखे येतात. कॅननच्या ७डी मार्क टू मध्ये ही सोय २०१४ साली आली. ८०डी मध्ये आहे, निकॉनच्या डी५०० आणि डी७५०० मध्येही आहे. यातल्या ७डी मार्क टू आणि डी५०० सेकंदाला दहा फोटो काढतात. हे सगळे जुने डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे आहेत, आणि म्हणूनच वापरलेले मिळतात. नव्या, बिनआरशाच्या मिररलेसचा फोकस डोळा शोधून धरतो आणि ते सुख मोठं आहे, हे मान्य. पण तुमच्याकडे एकरकमी पैसे असतील आणि लेन्स की बॉडी असा प्रश्न असेल, तर मी दरवेळी लेन्सच सांगेन. मिररलेस घेतलाच तर हॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवून मेकॅनिकल वापरा. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे रॅकेट वाकडी दिसते आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

निकॉनवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत तर तिच्यावर ऑटोफोकस चालणारच नाही. नावात एएफ-एस आहे का ते बघूनच पैसे द्या.

कबड्डीचं गणित थोडं वेगळं. मॅट पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, महिलांसाठी १२ बाय ८. चढाईपटू तुमच्यापासून बारा मीटरवर असतो आणि पकड होते तेव्हा सहा-सात जणांचा ढीग तुमच्या पायाशी येऊन पडतो. प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सने एक तर चढाई मिळते, नाही तर पकड. इथे ७०-२०० एफ २.८ लागतेच. पण ती विकत घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. भाड्याने मिळते, ओळखपत्र आणि अनामत लागते. घेताना दुकानातच दोन-चार फोटो काढून बघा आणि लेन्सवरच्या ओरखड्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कबड्डीला १/५०० ते १/६४० पुरतं. प्रकाशझोतातल्या स्पर्धांत दिव्यांचे खांब कधी कधी मैदानाच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा उजेडाकडे पाठ करून बसा. आणि खाली बसा, मांडी घालून. मध्यरेषेकडे हात लांबवणाऱ्या चढाईपटूचा चेहरा जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो, उभं राहून तो कधीच मिळत नाही.

आयएसओला घाबरू नका. ६४०० ला दाणे दिसतात, पण वर्तमानपत्रात छापल्यावर किंवा मोबाइलवर ते कोणी बघत नाही. ३२०० वर काळोखा काढून नंतर उजळलेला फोटो मात्र अनेकदा ६४०० पेक्षाही खराब दिसतो. कार्ड वेगवान घ्या. ट्रायपॉड घरी ठेवा. फोकसला मदत म्हणून कॅमेऱ्याच्या पुढे लागणारा छोटा दिवा मेनूत जाऊन बंद करा, तोही खेळाडूंच्या डोळ्यांत जातो.

वापरलेलं सामान फोर्टात बोरा बाजार स्ट्रीटला मिळतं, सीएसएमटीहून चालत पाच-सात मिनिटं. शनिवारी गर्दीत जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा. आपली बॉडी आणि कार्ड सोबत न्या. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त देत असले तरी ठेवून द्या. मग रस्त्यावरून येणाऱ्या माणसांवर सलग फोकस लावून वीस-तीस फोटो काढा, लॅपटॉप नसेल तर कॅमेऱ्यावरच मोठे करून बघा. बॉडीचं शटर किती वेळा उडालं आहे ते विचारा. माझी ८५ मी तिथूनच १७ हजारांना घेतली, पावतीवर सात दिवसांत परत घेण्याची ओळ लिहून घेऊन.

कामाचं म्हणाल तर पहिलं वर्ष पैशांची अपेक्षा ठेवू नका, पण सराव फुकट मिळतो. ठाण्यात महापालिकेची सय्यद मोदी यांच्या नावाची बॅडमिंटन प्रशिक्षण योजना आहे, वाशीला नवी मुंबई स्पोर्ट्स असोसिएशन आहे, आणि खासगी अकादम्या तर गल्लोगल्ली झाल्या आहेत. रीतसर परवानगी मागा. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, अकादमीने सांगितलं तरी नाही. माझं पहिलं पैशांचं काम एका आईकडूनच आलं, मुलाचा फोटो टाकू का असं विचारायला गेले होते तेव्हा.

आता पावसाळा. जूनमध्ये एसी लोकलने ठाण्याला उतरून थेट हॉलमध्ये कॅमेरा बाहेर काढला की गार काचेवर दमट हवेचं धुकं बसतं, आणि पहिला सामना त्यातच जातो. बॅगेची चेन न उघडता अर्धा तास तशीच ठेवा, मग काढा. पुसायची घाई करू नका. घरी कपाटात, चामड्याच्या पाऊचमध्ये लेन्स ठेवली तर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते. माझ्या ५५-२५० ला धरली. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर धान्याचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. ५५ च्या वर गेला की पुड्या बदला. आमच्याकडे जुलैत दर दहा दिवसांनी बदलाव्या लागतात.